चोरखूण

लेकीचं बोट नकाशावर फिरत फिरत नेमकं तिथेच येऊन टेकलं आणि नानांचा चहाचा घोट घशात अडला. रविवारची सकाळ, नऊ-साडेनऊची वेळ. जेवणाच्या टेबलावर तिने तो जुना नकाशा पसरला होता. घडीचे कोपरे पुन्हापुन्हा वर येत होते, म्हणून एकावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर नानांच्या चष्म्याचं घर, तिसऱ्यावर दुधाचं पातेलं, आणि चौथा तिने स्वतःच्या कोपराने दाबून धरला होता. हिरव्या जंगलाच्या मधोमध, ओढ्याच्या फाट्याजवळ, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आणि त्यावर वाफेचे तीन बारीक वळसे. "हाच ना तो?" तिने विचारलं. "तुमचा गरम पाण्याचा झरा. शनिवारी जायचं आपण, दोघांनीच. मी सुट्टी टाकलीय, बसचं बघितलंय. तुम्ही नुसतं हो म्हणा." नानांना ठसका लागला. बायकोने पाठीवर थापटलं, लेकीने पाणी दिलं, आणि त्या गडबडीत आपण हो म्हणालो की नुसतेच खोकलो हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. लेकीने ते हो धरलं आणि नकाशाची घडी घालून टाकली.

अडचण एवढीच होती की त्या जागी झरा नव्हता. आटलेला नव्हे, बुजलेला नव्हे, मुळातच नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी नकाशा कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी बसून, नानांनी तो स्वतःच्या हाताने तिथे ठेवला होता. कचेरीची तशी रीतच होती. शहरातले चार-दोन छापखाने सरकारी नकाशे सरळ उचलून आपल्या नावावर छापत, आणि पकडलं की छाती पुढे काढून सांगत, आम्ही आमची मोजणी केली. म्हणून प्रत्येक आरेखकाने आपल्या प्रत्येक नकाशात एक गोष्ट खोटी घालायची. ओढ्याला एखादं जास्तीचं वळण, एखादी नसलेली विहीर, माळावर एकटं झाड. त्याला कचेरीत चोरखूण म्हणत. दुसऱ्याच्या नकाशात तुमची चोरखूण सापडली की चोर सापडला. साहेबांच्या कपाटात एक वही असे, तिच्यात कुठल्या नकाशात काय खोटं आहे ते लिहायचं आणि बाहेर कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. नियम दोनच: खुणेपायी कुणाचा जीव जाता कामा नये, आणि खूण खरी वाटली पाहिजे. नाना तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. नुकतं लग्न झालेलं, राहायला चौथ्या मजल्यावर एक खोली, नळाला पाणी यायचं ते हाडं गोठवणारं. त्या हिवाळ्यात बायको आंघोळ करून बाहेर आली की तिचे ओठ निळे दिसत आणि दात वाजत, आणि तरी ती हसत असे. तर एका दुपारी, बोटं चोळत चोळत, नानांनी जंगलाच्या पोटात पेनाचं टोक टेकवलं आणि तीन वळसे काढले. साहेबांनी भिंगातून पाहिलं, गालातल्या गालात हसले, म्हणाले, "इतक्या आत कोण मरायला जातंय," आणि वहीत नोंद केली.

गोष्ट इथे संपली असती तर नानांना पस्तीस वर्षांनी ठसका लागला नसता. पण त्याच संध्याकाळी बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं की आज काय काढलं, आणि नानांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. फक्त हे खोटं आहे एवढं सांगायची बंदी होती, म्हणून तेवढं वगळलं. तिचे डोळे चमकले. खरंच गरम पाणी, जमिनीतून, फुकट? तुम्ही पाहिलंत? आरेखक कधी जंगलात जात नाहीत, मोजणीवाले जातात आणि वह्या भरून आणतात, आरेखक खुर्चीवर बसून त्यांच्या वह्यांवरून डोंगर उभे करतात, हे तिला कुठे ठाऊक होतं! नानांनी तिच्या गार हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, पाहिला ना. मग काय, एका होकाराला पाय फुटले. झऱ्याच्या काठाला एक लाल दगड आला, खाटेएवढा सपाट, त्यावर ओले कपडे टाकले की दोन मिनिटांत वाळत. पाण्यात उतरायला सात पायऱ्या आल्या, निसर्गानेच घडवलेल्या. मुलगी झाल्यावर ती झोपेना तेव्हा झऱ्यावर पाणी प्यायला येणारं एक म्हातारं हरीण आलं. ते हरीण इतकं आळशी की पाण्यातच झोपी जायचं, आणि तिथवर ऐकेपर्यंत मुलगीही झोपायची. कचेरीत नानांची ख्याती अशी की त्यांच्या टेबलावरचं ब्लेड गंजलं. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने खरवडून काढायची असते, आणि यांची चुकतच नसे. घरीही तीच ख्याती होती. शेजारणी नवऱ्यांशी भांडताना नानांचा दाखला देत. अशा माणसाने आयुष्यात एकच खोटी गोष्ट सांगितली, आणि नेमकी तीच घरात सगळ्यांना सर्वांत लाडकी झाली.

तरीही त्यांनी त्या रविवारी सांगून टाकलं असतं. गंमत म्हणून खपून गेलं असतं, बायकोने दोन दिवस तोंड फुगवलं असतं, लेक हसली असती. पण आठ-नऊ महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ मध्ये उभी होती. लेक दारात, हातात एक बॅग, पायात घरातल्याच चपला. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, लोकांच्या कवळ्या बनवते, बोटं एरवी दगडासारखी स्थिर. त्या दिवशी तिला बॅगेची चेनसुद्धा उघडता येईना. जावयाची नोकरी गेली होती, आणि ती जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिने हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घराबाहेर पडत होता, दिवसभर सार्वजनिक वाचनालयात बसत होता आणि संध्याकाळी येऊन कचेरीतल्या गमती सांगत होता. कोण कुणाशी भांडलं, साहेबाने कुणाला झापलं, सगळं रचलेलं. नोकरीचं काही नाही, ती रडत म्हणाली, पण त्या गमतींना मी हसले हो, रोज हसले. आणि नानांनी, गंजलेल्या ब्लेडच्या त्या माणसाने, सोफ्यावर ताठ बसून निकाल दिला होता: "खोट्याशी संसार होत नाही. निघून आलीस ते बरोबर केलंस." लेकीने तो शब्द उचलला. नाना म्हणाले म्हणजे झालंच. वकिलाकडे गेली, कागद तयार झाले, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावर सही व्हायची होती. आता त्याच नानांनी तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की हरीण नव्हतं, दगड नव्हता, आणि तुझ्या आईशी मी पस्तीस वर्षं खोट्यावरच संसार केला? एक तर तिच्या मनातून आपण उतरू, नाहीतर तिने ज्या शब्दावर घर मोडलं तो शब्दच पोकळ निघेल. दोन्हींतलं काहीही झालं तरी तिच्या पायाखाली उरायचं काय, हे नानांना कळेना.

आठवडा त्यांनी सबबी शोधण्यात घालवला. सोमवारी कंबर धरली. बायकोने मलम चोळलं आणि मंगळवारी कंबर सुटली. बुधवारी हवामानाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवला, तर तो नेमका स्वच्छ उन्हाचा निघाला. गुरुवारी लेक त्यांच्यासाठी नवे बूट घेऊन आली आणि स्वतः खाली बसून तिने ते त्यांच्या पायात चढवले, नाड्या बांधल्या, अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहिलं. तिच्या डोक्यावरचे चार पांढरे केस नानांना वरून दिसले. तेहतीस वर्षांची पोर. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती गुणगुणत होती, आणि बेसूर गुणगुणत होती, लहानपणापासून गुणगुणते तशीच. बायकोला बस लागते म्हणून ती येणार नव्हती, पण तिने उकडलेली अंडी बांधून दिली, पाव बांधून दिला आणि दारात बजावलं की माझ्या वाटची एक बुडी मारून या. नाना मान हलवत जिने उतरले. नवे बूट प्रत्येक पायरीवर कुरकुरत होते.

बस शेवटच्या थांब्यावर त्यांना सोडून वळून गेली आणि अचानक इतकी शांतता झाली की नानांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. मग ते चालू लागले, आणि अर्ध्या तासाच्या आत एक विलक्षण गोष्ट घडली, जिची त्यांनी मुळीच तयारी केली नव्हती. त्यांना आनंद व्हायला लागला. हे जंगल त्यांनी काढलं होतं. कधीच न पाहता, खुर्चीवर बसून, उंचीची एकेक रेघ ओढत. पहिल्या चढणीवर रेघा एकमेकींना चिकटून काढल्या होत्या हे त्यांना आठवत होतं, साहेब म्हणाले होते की जरा मोकळ्या करा, शाई पसरेल. आणि आता त्या चिकटून काढलेल्या रेघा एकेक करून त्यांच्या पोटऱ्यांना लागत होत्या. खरंच इतकं उभं होतं तर! पुढे ओढा डावीकडे वळणार, मग एक छोटी सपाटी येणार, ते मनात म्हणत, आणि वळणावरून पुढे जाताच ओढा डावीकडे वळलेला असे, सपाटी आलेली असे, तिच्यावर ऊन पडलेलं असे, आणि त्या उन्हात कोळ्याची जाळी चमकत असत, ज्यांना नकाशात काही खूण नसते. पालापाचोळ्याचा ओला वास होता. कुठेतरी वर एक पक्षी लाकडावर टकटक करत होता. पस्तीस वर्षं त्यांनी हिरवा रंग बाटलीतून काढून पसरला होता. तो सबंध रंग आता डोक्यावर सळसळत होता आणि त्यात पन्नास तऱ्हेचे हिरवे होते. लेक मागे वळून विचारी, दमलात का? नाना म्हणत, छे, चल तू. आणि लगेच, एवढं हसू येतंय कशाचं, चारशे पावलांवर आपलं पितळ उघडं पडायचंय, हे आठवून त्यांचा चेहरा उतरे. आणि पुढच्या वळणावर ओढ्याला नेमका तिथेच फाटा फुटलेला पाहून पुन्हा खुले. लेकीला वाटलं, नानांना जुने दिवस आठवताहेत. तसं तिने बोलूनही दाखवलं, आणि नानांनी घाईघाईने एका दगडावर बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं ते असं: जागेवर पोचलं की चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे हिंडायचं, कपाळावर हात घ्यायचा आणि म्हणायचं, आटला गं. झरे आटतात. भूकंपाचा एखादा बारीक हादरा बसला तरी जमिनीतली वाट बदलते, हे तर पुस्तकातही आहे. लेक हळहळेल, दोघं तिथेच अंडी खातील आणि परत फिरतील. फारच सोपं होतं. इतकं सोपं, इतकं पटकन सुचलेलं, की नानांना स्वतःचीच भीती वाटली. जावई वाचनालयात बसून संध्याकाळच्या गमती अशाच रचत असेल का? घरी जाताना त्यालाही स्वतःची अशीच भीती वाटत असेल, आणि तिने हसून दार उघडलं की ती भीती पळून जात असेल. त्या पोराबद्दल आठ महिन्यांत त्यांनी इतका आपुलकीने विचार केला नव्हता. त्यांनी नाडी बांधली आणि उठले.

फाट्यापाशी एक लाकडी खोपटं होतं. नकाशात ते नव्हतं; ते मागाहून झालेलं असणार. दारात एक पन्नाशीची बाई जाड स्वेटर घालून बसली होती, शेजारी शेगडीवर चहाची किटली. तिचा नवरा जंगल राखायचा, त्याच्या आधी सासरा, आणि आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत असे. लेक बाटली भरायला ओढ्यावर उतरली. बाईने नानांच्या हातात कप दिला आणि त्यांच्या नव्या बुटांकडे पाहून विचारलं, झऱ्यावर चाललात ना? नाना नुसतं हुं म्हणाले. मग ती म्हणाली, "खुणेच्या नादाला लागू नका हं. नकाशावाल्यांनी चुकवलीय ती. तिथे काही नाही, नुसता चिखल. झरा वर आहे, डावीकडच्या ओढ्याने गेलात की पाव तासावर."

नानांना आधी ऐकलंच ते खरं वाटेना. आणि मग, देवाशपथ, त्यांना राग आला. सबंध नोकरीत ज्याची एक रेघ कुणी चुकीची म्हटली नाही त्याला एक चहावाली बाई सांगत होती की खूण चुकली. "चुकवली म्हणजे?" ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. बाईने शांतपणे सगळं सांगितलं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हापासून लोक तो नकाशा घेऊन यायचे, दिवसभर चिखल तुडवायचे आणि शिव्या घालत परत जायचे. सासरा सांगून सांगून थकला की बाबांनो, इथे झरा नाही. पण एक शिक्षिका होती, चांगली धष्टपुष्ट, मोठ्या आवाजाची, ती काही ऐकेना. सरकारी नकाशात आहे म्हणजे असणारच, इथे नाही तर इथेच कुठेतरी. तीन हिवाळे ती सुट्टीत आली. प्रत्येक ओघळात हात बुडवून बसायची, बोटं बधिर झाली की पुढच्या ओघळावर. तिसऱ्या हिवाळ्यात एका ठिकाणी तिची बोटं बधिर होईनात. मग सासऱ्याने पहार आणली, नवऱ्याने फावडं आणलं, चार हात खणलं आणि वाफ आली. मग दगड रचून कुंड केलं. "आमचे लोक चार पिढ्या या जंगलात राहिले," बाई म्हणाली, "कुणाला पत्ता नव्हता. नकाशात होता म्हणून शोधला, नाहीतर त्या ओढ्यात कोण जातंय?" नानांनी फुंकर न घालताच चहाचा मोठा घोट घेतला. लेक बाटली घेऊन वर आली, तिने विचारलं काय झालं, आणि ते म्हणाले, चहा फार गरम आहे.

त्यानंतरची चढण नाना चढले म्हणण्यापेक्षा चढवले गेले. सव्वीस वर्षांच्या एका पोराने गार पडलेल्या बोटांनी कागदावर तीन वळसे काढले, आणि कुठे कोण एक बाई त्या वळशांवर भरवसा ठेवून तीन हिवाळे ओघळांतून हात घालत फिरली! त्यांना त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. साहेबांच्या फोटोपुढे जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. आणि खाली कुठेतरी, या सगळ्या आनंदाच्या तळाशी, एक लबाड समाधानही होतं की सुटलो. आता सांगायची गरजच काय? झरा आहे. मी म्हणालो होतो की आहे, आणि आहे. लेक पुढून ओरडली, वाफ दिसतेय! आणि साठी ओलांडलेले नाना नव्या बुटांनिशी धावले.

कुंड चार-पाच माणसं बसतील एवढं होतं. काळपट दगडांचं गोल, त्यात निळसर पाणी, आणि वर हलणारी वाफ झाडांच्या फांद्यांत जाऊन विरत होती. लेकीने बूट भिरकावले आणि ती कपड्यांनिशी आत गेली. नाना जुन्या अर्ध्या चड्डीवर, काठ धरून, आधी अंगठा, मग घोटा, मग पोटरी, असे हप्त्याहप्त्याने उतरले. गुडघ्यांना ऊब लागली तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. छातीपर्यंत पाणी आलं. पाठीतली ती गाठ, जी तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीने पस्तीस वर्षांत बांधली होती, हळूहळू सुटली. सुटली आणि कुठे गेली कळलंही नाही. बोटं गुलाबी झाली. वरून एक वाळकं पान आलं आणि त्यांच्या पोटासमोर गोल फिरू लागलं. बायकोच्या वाटची बुडी त्यांनी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, लेक खदखदून हसली, आणि तिचं ते हसणं ऐकून नानांना वाटलं की आत्ता, या क्षणी, आपल्याला काहीही नको आहे.

लेक केस पिळत सगळीकडे पाहत होती. मग तिने विचारलं, अगदी सहज, "लाल दगड कुठाय हो?"

उत्तर तयार होतं. तो वरच्या अंगाला होता, पुरात गेला असेल. पायऱ्याही गेल्या असतील. जीभ वळलीसुद्धा होती. पण पाणी फार ऊबदार होतं आणि लेकीचा चेहरा फार जवळ होता, भिजलेला, मोकळा, नाना जे काही म्हणतील ते धरून ठेवायला तयार. इतका तयार चेहरा जावयाच्या समोरही रोज संध्याकाळी असणार, हे त्यांच्या मनात आलं आणि ते उत्तर देता येईना.

"दगड नव्हताच," नाना म्हणाले. "झराही नव्हता. मी इथे आज पहिल्यांदा येतोय."

ती हसली. गळ्यापर्यंत पाण्यात बसून झरा नाही म्हणताय! मग नानांनी सगळं सांगितलं: चोरखूण, साहेबांची वही, बायकोचे निळे ओठ, हरीण, आणि आत्ताच खोपट्यातल्या बाईकडून कळलेली ती शिक्षिका. सांगता सांगता तिचं हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. ती कुंडाच्या दुसऱ्या काठाला जाऊन टेकली. वाफ मध्ये आली की ती दिसेनाशी होई, गेली की पुन्हा दिसे, तशीच बसलेली. नानांना आठवलं, लहानपणी रुसली की ती अशीच पाठ भिंतीला लावून बसायची.

"आईला माहितेय?"

"नाही."

"म्हणजे पस्तीस वर्षं."

"हो."

"त्याचे आठच महिने होते," लेक म्हणाली.

पाण्याचा बारीक बुडबुड आवाज येत होता. तिने विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात? खोट्याशी संसार होत नाही असं? तुम्हाला तर ठाऊक होतं की होतो."

नानांनी खरंखुरं उत्तर शोधलं. ते काही सरळ रेघेत मिळालं नाही. इकडून तिकडून गोळा करावं लागलं. "घाबरून म्हणालो," ते म्हणाले. "तू त्याचं सांगत होतीस आणि मला वाटत होतं माझंच सांगतेयस. जो घाबरतो तो मोठ्याने बोलतो. तू निघून आलीस ते बरोबर की चूक, मला ठाऊक नाही, बाळ. तेव्हाही ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे ते एवढंच की मला तो आवडायचा. अजूनही आवडतो. तो रोज घरी येऊन तुला हसवायला बघत होता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी बोललो नाही."

वाफेचा एक मोठा लोट आला आणि गेला. लेकीचे डोळे भरले होते. ते पाण्याने की आणखी कशाने, हे भिजलेल्या चेहऱ्यावर ओळखणं कठीण होतं, पण नानांना ओळखता आलं.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही आवडतो. त्याच्या त्या गमती खरंच चांगल्या होत्या हो." आणि नाक पुसत, रडत की हसत, तिने त्यांतली एक सांगितली. साहेबाची खुर्ची चाकांसकट जिन्यावरून खाली गेली होती, आणि साहेबही तिच्यात होते. रचलेली होती, पण नाना इतके हसले की त्यांना काठ धरावा लागला. मग ती म्हणाली की घरी गेल्यावर त्याला फोन लावीन, काय बोलायचं ते मात्र सुचत नाही. नाना म्हणाले, आधी लाव तर. आणि तुम्ही आईला सांगायचं, ती म्हणाली, आजच, मी समोर असताना. नानांनी मान हलवली. बायको काय काय म्हणेल ते सगळं त्यांना ऐकू यायला लागलं होतं, आणि का कोण जाणे, त्याचीही त्यांना ओढ लागली.

ती पाण्यातून चालत त्यांच्या बाजूला आली आणि त्यांच्या शेजारच्या दगडाला टेकली. तेवढ्यात खालून झुडपं हलली. एक जोडपं वर आलं, विशी-पंचविशीचं, दोघंही गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेली. मुलगी पुढे, तिच्या हातात घामाने ओला झालेला नकाशा, आणि मुलगा मागून कुरकुरत होता की मी मघापासून सांगतोय. कुंड पाहून दोघं थबकली.

"काका, गरम पाण्याचा झरा हाच का?" मुलीने विचारलं. "यात तर खाली दाखवलाय. तासभर शोधला आम्ही. मी याला म्हणत होते, नकाशा कधी चुकत नाही."

"चुकलाय," नाना म्हणाले आणि सरकून त्यांनी जागा केली. "मीच काढलाय तो. या, पाणी फार सुरेख आहे."